नवव्या रस्त्यावरचा आवाज

टेनेसी नदी डोंगरांच्या कुशीत शिरून जेथे मोठे वळण घेते तेथे वसलेले चॅटानूगा हे शहर १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातील घनघोर लढायांचे रणक्षेत्र झाले होते. आणि १८६५ च्या अखेरीस गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली तेव्हा आसपासच्या प्रांतांतील मळे सोडून निघालेल्या मुक्त स्त्रीपुरुषांनी ज्या शहरांची वाट धरली त्यांतही ते होते. मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. आणि ज्याच्यापाशी जमीन नाही अशा कुळाने मालकाच्या शेतात अर्धेलीने कापूस पिकवावा, बी-बियाणे आणि मीठ-पीठ मालकाच्याच दुकानातून उधारीने न्यावे, आणि वर्षाअखेर मालकानेच लिहिलेल्या हिशेबाच्या वहीत आपल्या नावावर बाकी निघालेली पाहून पुन्हा त्याच शेतात राबावे, असा जो दास्याचा नवा प्रकार दक्षिणेत रूढ झाला, त्यातून सुटण्याची एक वाट रेल्वेच्या रुळांवरून शहराकडे जात होती. चॅटानूगात ओतकामाचे कारखाने होते, लोहमार्गांचे जंक्शन होते, मजुरी रोखीत मिळे. मात्र शहरातही कृष्णवर्णीयांची वस्ती निराळी, शाळा निराळी, गाडीतला डबाही निराळा. आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विभाजनावर कायद्याचा शिक्काही उमटविला.

या शहराच्या कॅमेरॉन टेकडीच्या पायथ्याशी, ब्लू गूज हॉलो नावाच्या दरिद्री वस्तीत, एका खोलीच्या झोपडीत बेसी स्मिथ जन्मली. तिच्या विवाहाच्या परवान्यात १५ एप्रिल १८९४ ही जन्मतिथी नोंदलेली आहे. खानेसुमारीचे दप्तर थोडे निराळे सांगते, पण तो वाद आपण तज्ज्ञांकडे सोपवू. वडील विल्यम हे मोलमजुरी करीत आणि जमेल तेव्हा बॅप्टिस्ट पंथाचे धर्मप्रवचन करीत. मुलीला त्यांचा चेहरा आठवावा इतकीही सवड मृत्यूने त्यांना दिली नाही. बेसी नऊ वर्षांची होण्याच्या सुमारास आई लॉराही गेली, आणि धाकट्या भावंडांचा सारा भार व्हायोला या थोरल्या बहिणीवर पडला. लोकांचे कपडे धुऊन व्हायोला घर चालवी. त्या मिळकतीत सर्वांचे भागत नसे, म्हणून अँड्र्यू या भावाने गिटार घ्यावी, बेसीने गावे आणि नाचावे, आणि दोघांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाणी मिळवावीत, असा क्रम सुरू झाला. कृष्णवर्णीयांची दुकाने, खाणावळी आणि मद्यगृहे ज्या नवव्या रस्त्यावर दाटलेली होती तो रस्ता, आणि तेराव्या रस्त्यावरील ‘व्हाइट एलिफंट’ या मद्यगृहासमोरचा कोपरा, ही तिची पहिली रंगभूमी.

तिला तेथे ऐकलेल्या एका वादकाने पुष्कळ वर्षांनंतर जी आठवण सांगितली ती मला फार मोलाची वाटते. या पोरीच्या गळ्याने त्याला विशेष भारून टाकले नव्हते; तिची खरी करामत होती ती श्रोत्याच्या खिशातील नाणे बाहेर काढण्याची. नाणे पडले की ती चटकदार शब्दात त्याची पावती देई, हसवी, आणि पुढच्याचा हात खिशाकडे वळवी. पुढे जिला ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणून गौरविण्यात आले तिच्याविषयी भाविक चरित्रकार असे लिहितात की, दैवी आवाज घेऊनच ती जन्मास आली. त्या वादकाची साक्ष वेगळे सांगते, आणि मी तिलाच अधिक मान देतो. हा आवाज घडविला गेला. आणि तो घडण्यास, कोपऱ्यावरच्या पहिल्या नाण्यापासून पहिल्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत, जवळजवळ वीस वर्षे लागली.

या घडणीची सामग्री तिच्या भोवताली विपुल होती. प्रार्थनामंदिरात धर्मोपदेशकाने एक ओळ उच्चारावी आणि साऱ्या समुदायाने ती उचलून, ताणून, आपल्या परीने वळवून परत द्यावी, ही रीत तिच्या पित्याच्या पंथात मुरलेली होती; पोवाड्यातील शाहीर आणि झीलकरी ज्याने पाहिले आहेत त्याला तिचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रूळ बसविणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांत म्होरक्या गाई आणि हातोडे ताल धरीत, तेथेही हीच देवघेव होती. शेतात एकटा राबणारा माणूस जी लांबलचक हाळी घाली ती मात्र कोणाच्या उत्तराची वाट पाहत नसे. या साऱ्यांतून, विसावे शतक उगवण्याच्या सुमारास, कोणा एकाच्या नावावर न चढविता येणारे जे एकट्या कंठाचे गाणे आकारास आले त्याला ब्लूज हे नाव पडले. त्याचा सांगाडा साधा आहे: तीन ओळींचे कडवे, पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे, खाली बारा मात्राखंडांची चौकट आणि तीनच स्वरसंघ. परंतु त्याचा प्राण त्या सांगाड्यात नाही. आपल्या गायकांच्या भाषेत सांगायचे तर कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या दरम्यान, तसेच दोन निषादांच्या दरम्यान, कोठेतरी त्याचा स्वर लागतो, हलतो, आणि त्याला पियानोच्या पट्ट्यांवर जागा नाही. डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने १९०३ च्या सुमारास मिसिसिपी प्रांतातील टटवायलर या लहान स्थानकावर, एका फाटक्या वस्त्रातील माणसाला गिटारच्या तारांवरून सुरी घसरवीत असेच काही गाताना ऐकले, आणि हे संगीत लिहून छापण्याजोगे आहे असे त्याच्या मनाने घेतले. १९१२ साली त्याचे ‘मेम्फिस ब्लूज’ आणि १९१४ साली ‘सेंट लुई ब्लूज’ प्रसिद्ध झाले.

हे गाणे कोपऱ्यावरून रंगमंचावर नेले ते फिरत्या मंडळ्यांनी. कृष्णवर्णीय कलावंतांच्या या मंडळ्यांचा पूर्वेतिहास सुखद नाही. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून गुलामांची नक्कल करण्याचा जो तमाशा एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाला होता, त्याचाच साचा घेऊन त्यांना आपली कला दाखवावी लागली. पण साच्यात त्यांनी आपले द्रव्य ओतले. कनाती उभारायच्या, गावातून बँडची मिरवणूक काढायची, रात्री गाणी, नाच, विनोद, कसरती अशा क्रमाने खेळ करायचा, आणि पहाटे सामान बांधून पुढचे गाव गाठायचे. कापसाची वेचणी होऊन मजुरांच्या हाती पैसा येण्याचा जो काळ, तोच या मंडळ्यांचा हंगाम. त्यांची गाडी पिकामागोमाग फिरे. बेसीचा थोरला भाऊ क्लॅरेन्स १९०४ साली मोझेस स्टोक्सच्या अशाच मंडळीबरोबर निघून गेला. धाकटी बहीण हट्ट धरील म्हणून त्याने तिला जाण्याचा सुगावाही लागू दिला नाही, असे पुढे त्याच्या पत्नीने सांगितले आहे. तो गेला, आणि बेसी आणखी आठ वर्षे त्याच रस्त्यावर गात राहिली.

१९१२ साली स्टोक्सची मंडळी चॅटानूगास आली, तेव्हा क्लॅरेन्सने शब्द टाकून बहिणीची चाचणी घडवून आणली. ती रुजू झाली, पण गायिका म्हणून नव्हे, तर नर्तकी म्हणून. कारण गायिका मंडळीत आधीच होती, आणि तिचे नाव मा रेनी. मूळची गर्ट्रूड प्रिजेट. १८८६ साली जन्मलेली, १९०४ साली विल रेनी या नटाशी विवाहबद्ध होऊन त्याच्यासह गावोगाव हिंडणारी, सोन्याच्या नाण्यांचा हार गळ्यात आणि सोन्याचे दात मुखात मिरविणारी ही स्त्री त्या वेळी तंबूतल्या प्रेक्षकांची आई झालेली होती. जॉन वर्क या संशोधकाला तिने सांगितले होते की, १९०२ साली मिसूरीतील एका लहान गावी एक मुलगी सकाळी तंबूपाशी आली आणि सोडून गेलेल्या पुरुषाविषयीचे एक विलक्षण गाणे तिने गाऊन दाखविले. ते रेनीने शिकून घेतले आणि खेळाच्या अखेरीस ती गाऊ लागली. अशा स्त्रीच्या शेजारी रोज रात्री उभे राहायला मिळणे ही केवढी विद्या! पुढे अशी दंतकथा पसरली की, मा रेनीने बेसीला पोत्यात घालून पळवून नेले आणि गाणे शिकविले. कथा खोटी आहे. दोघींच्या ध्वनिमुद्रिका शेजारीशेजारी ठेवून ऐकल्या तर गायकीची उसनवारीही फारशी आढळत नाही. रेनीचा स्वर गावरान, जड आणि मातीच्या वासाचा, तर बेसीचा स्वर अधिक तळपता, शब्दाला मुरड घालण्यात अधिक चतुर. माझ्या समजुतीप्रमाणे बेसीने उचलली ती रंगमंचावर उभे राहण्याची रीत: प्रेक्षक आपलेच आप्त आहेत आणि आपण त्यांच्या घरातील गोष्ट त्यांच्यासमोर मोकळी करीत आहो, ही निःशंक वृत्ती.

स्टोक्सकडे ती फार काळ राहिली नाही. अटलांटा शहरात डेकाटूर रस्त्यावरील ‘८१ थिएटर’ हे तिचे ठाणे झाले. ली व्हिपर या नटाने १९१३ साली तिला तेथे पाहिले तेव्हा ती नित्याच्याच कपड्यांत रंगमंचावर येई, आपण कोण आहोत याची तिला जाणीवही नव्हती, आठवड्याचे वेतन अवघे दहा डॉलर होते, आणि गाणे संपल्यावर प्रेक्षकांनी उधळलेली नाणी पडद्यामागचे गडी वेचून तिला आणून देत. कोपऱ्यावरची नाणी तिच्यामागून रंगमंचापर्यंत आली होती. याच सुमारास अर्विन मिलर या मंडळीमालकाने तिला आपल्या नृत्यसमूहातून काढून टाकले, कारण उजळ, गहूवर्णी तरुणींचे प्रदर्शन हा त्याच्या व्यवसायाचा आधार होता आणि बेसीचा वर्ण काळा होता. वर्णाची ही उतरंड गोऱ्यांनी निर्माण केली खरी, परंतु तिच्या पायऱ्या पीडितांच्या घरातही बांधल्या गेल्या होत्या, आणि हे शल्य बेसीला जन्मभर बोचले. तिला नाचगड्यांच्या रांगेत स्थान नसेल तर एकटीनेच रंगमंच व्यापणे भाग होते; तिने तो व्यापला.

पुढील दहा वर्षांत दक्षिणेतील तंबू आणि नाट्यगृहे तिने पालथी घातली. १९२० च्या सुमारास नाट्यगृहांच्या मालकांनी ‘टोबा’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा संघ स्थापन करून कलावंतांचे दौरे आपल्या मुखत्यारीत घेतले. दिवसाला तीन-तीन खेळ, प्रवासखर्च कलावंताचा, कपडे बदलण्यास नीट जागा नाही, आणि तक्रार करावी तर पुढची गावे बंद. पण या कष्टांत गळ्याची जी मशागत झाली ती कोणत्याही पाठशाळेत झाली नसती. तंबूत ध्वनिवर्धक नव्हता. बँडचा गजर, पोरांची रडारड आणि मद्यपींचा कोलाहल यांवरून स्वर शेवटच्या फळीपर्यंत पोहोचवायचा होता. बेसीच्या आवाजाचा पल्ला फार विस्तृत नव्हता. म्हणून उंच उड्या मारण्याचा मोह सोडून, मोजक्या स्वरांच्या परिसरातच शब्द कोठे थांबवावा, कोणते अक्षर मोडावे, कोणत्या श्वासाने ओळ दुभंगावी, याचा तिने ध्यास घेतला. ओळीच्या अर्ध्यात ती थबके आणि सारा तंबू श्वास रोखून उरलेल्या अर्ध्याची वाट पाही. पित्याच्या प्रवचनाची रीत, जी तिने बहुधा त्याच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती, ती अशी फिरून तिच्या गळ्यात उतरली.

या सर्व काळात ध्वनिमुद्रणाच्या कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहक आहे याचा पत्ताच नव्हता. १० ऑगस्ट १९२० रोजी पेरी ब्रॅडफर्ड या संगीतकाराच्या चिकाटीमुळे ओके कंपनीने मेमी स्मिथ या गायिकेकडून ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे मुद्रित करून घेतले (आडनाव एक असले तरी मेमी आणि बेसी यांचे नाते नव्हते), आणि ती तबकडी अशी काही खपली की, साऱ्या कंपन्या ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांच्या शोधात निघाल्या. तरीही बेसीला दारे बंदच राहिली. खुद्द ओके कंपनीने तिचा आवाज खरखरीत ठरवून नामंजूर केला. हॅरी पेस यांनी स्थापिलेली ‘ब्लॅक स्वान’ ही तर कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारखा थोर विद्वान तिच्या संचालकांत. परंतु तिनेही अधिक नागर स्वराच्या एथेल वॉटर्सला पसंती दिली. समाजाला आपली सभ्यता सिद्ध करून दाखवायची होती, आणि बेसीच्या स्वरात रस्त्याची धूळ होती.

१९२३ साली कोलंबिया ही कंपनी स्वतःच आर्थिक गर्तेच्या काठावर उभी होती. तिच्या ब्लूज विभागाचे प्रमुख फ्रँक वॉकर यांनी काही वर्षांपूर्वी अलाबामातील सेल्मा गावी बेसीला ऐकले होते, आणि तो आवाज ते विसरले नव्हते. बेसी तेव्हा फिलाडेल्फियात गात होती. जॅक गी या पहारेकऱ्याशी तिचे मन जुळले होते. ध्वनिमुद्रणासाठी तिला नवे वस्त्र घेता यावे म्हणून आपण गणवेश आणि घड्याळ गहाण टाकले, असे तो पुढे सांगे. १५ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये क्लॅरेन्स विल्यम्सच्या पियानोच्या साथीने ती मुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभी राहिली. मायक्रोफोन तेव्हा या कामी आलेला नव्हता. कर्ण्याच्या तोंडात गायचे आणि मेणावर रेघ उमटवायची. तो संपूर्ण दिवस वाया गेला. ज्या स्त्रीने हजारोंच्या जमावापुढे कधी माघार घेतली नव्हती ती त्या मुक्या कर्ण्यापुढे बावरली. समोर तोंडे नाहीत, हुंकार नाहीत, झील नाही. दुसऱ्या दिवशी, १६ फेब्रुवारीला, ‘डाउन हार्टेड ब्लूज’ साधले. गाणे नवे नव्हते. अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन यांची ती रचना हंटरने आधीच मुद्रित केली होती. पण बेसीची तबकडी बाजारात येताच सहा महिन्यांच्या आत ७ लाख ८० हजार प्रती खपल्या.

या खपाचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. क्लॅरेन्स विल्यम्सने आपल्याकडे करार बांधून घेऊन तिच्या बिदागीतील अर्धा भाग स्वतःकडे वळविला होता. हे उमगताच बेसी आणि जॅक यांनी त्याच्या कचेरीत जाऊन ती गाठ सोडवून घेतली. त्यानंतर कोलंबियाशी थेट झालेल्या करारनाम्यात प्रत्येक उपयुक्त मुद्रणामागे १२५ डॉलर आणि वर्षाकाठी किमान १५०० डॉलरची हमी होती, परंतु विक्रीवरील टक्केवारीचे कलम वॉकर यांनी खोडून टाकले होते. म्हणजे सात लाख प्रती खपोत की सातशे, गायिकेच्या हाती तेच १२५ डॉलर. मळ्यावरच्या कुळाची आणि मालकाच्या वहीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. बेसीने कोलंबियासाठी सुमारे १६० मुद्रणे केली. तिच्या कीर्तीमुळे रंगमंचावरची मिळकत आठवड्याला दोन हजार डॉलरपर्यंत चढली, आणि त्या पैशातून तिने दौऱ्यासाठी स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला, व्हायोलाला आणि आप्तांना फिलाडेल्फियास आणून बसविले. पण ज्या तबकड्यांनी बुडती कंपनी तारली त्यांच्या खपातील एक कपर्दिकही तिच्या वाट्यास आली नाही, हे सत्य कोणत्याही वैभवाने झाकले जात नाही.

७ जून १९२३ रोजी तिचा आणि जॅकचा विवाह झाला, आणि त्याच महिन्यात ती अटलांटास गेली. त्याच ‘८१ थिएटर’मध्ये, जेथे दहा वर्षांपूर्वी तिला आठवड्याला दहा डॉलर मिळत. या वेळी तिचे गाणे नभोवाणीवरून प्रक्षेपित झाले आणि केवळ गोऱ्या प्रेक्षकांसाठी स्वतंत्र खेळ लावावा लागला. गाणे तेच होते. त्यात तिने गोऱ्यांच्या कानासाठी काही मऊ केले नाही, काही गाळले नाही. आणि माझ्या मते तिचा खरा विजय खपाच्या आकड्यापेक्षा या न बदलण्यात आहे.

तंबूने मुद्रणगृहातही तिची पाठ सोडली नाही. १९२५ च्या मे महिन्यात कर्ण्याऐवजी मायक्रोफोनने होणाऱ्या विद्युत् मुद्रणाचा प्रयोग सुरू झाला तेव्हा आवाज घुमू नये म्हणून कोलंबियाच्या तंत्रज्ञांनी खोलीत कापडाचा तंबू टांगला, आणि तो गायिका व वादक यांच्या अंगावर कोसळला. पुढची कथा मी आवरती घेतो. मंदीने ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मोडला, १९३१ साली कोलंबियाने तिला निरोप दिला, आणि २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीतील क्लार्क्सडेल येथे मोटार अपघातात झालेल्या जखमांनी तिचा अंत झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारले म्हणून ती गेली, ही वार्ता दीर्घकाळ प्रचलित होती. प्रत्यक्षात तिला कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेण्यात आले होते. मात्र त्या गावातील रुग्णालयेही वर्णानुसार विभागलेली होती, आणि ही वार्ता सर्वांना खरी वाटली यातच त्या काळाची साक्ष आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये लहानपणी तिच्या तबकड्या ऐकून महालिया जॅक्सन धर्मगीते गायला शिकली, बाल्टिमोरमध्ये बिली हॉलिडेने त्याच ऐकल्या. फिलाडेल्फियाजवळची तिची समाधी मात्र ३३ वर्षे निनावी राहिली. १९७० साली जॅनिस जॉप्लिन ही गायिका आणि ज्वानिटा ग्रीन या दोघींनी मिळून तेथे शिळा बसविली. यांतील ग्रीनबाई लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसण्याचे काम करीत असत.

वाचकांना माझी एक विनंती आहे. १४ जानेवारी १९२५ रोजी मुद्रित झालेले बेसीचे ‘सेंट लुई ब्लूज’ सवडीने, रात्रीच्या शांततेत एकदा ऐकावे. साथीला दोनच वाद्ये आहेत: लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉची पेटी, ज्या जातीचा ऑर्गन मराठी संगीत नाटकाच्या रसिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे आणि चॅटानूगासारख्या गावांतल्या प्रार्थनामंदिरांत जो नित्य वाजे. पेटी स्वर धरून ठेवते, बेसी ओळ टाकून थांबते, आणि कॉर्नेट झील धरतो. तिचा गांधार कोठे लागतो तेवढे मात्र लक्ष देऊन ऐका.